सामाईक भिंत

बुढापाऱ्यातल्या माझ्या माहेरच्या आणि शेजारच्या घराला मिळून एकच भिंत आहे. रायपूरच्या जुन्या वस्तीत असतंच तसं. त्या भिंतीत खिळा ठोकायचा तरी पलीकडे हाक मारून ठोकायचा, हा आईच्या काळापासूनचा रिवाज. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याच घराच्या गच्चीवर माझा दादा आणि माझी मुलगी अशाच एका सामाईक भिंतीवरून दोन दिवस भांडले. ही भिंत कागदावरची होती आणि तिच्यात एक करंट सोर्स बसवलेला होता.

दादाची सगळी नोकरी कोरब्याला, विजेच्या कामात गेली. शिकला तो इथेच, जीई रोडच्या कॉलेजात. १९५६ साली खाण आणि धातुशास्त्राचं सरकारी कॉलेज म्हणून ते निघालं आणि २००५ मध्ये एनआयटी झालं. दादा शिकला तो या दोन्हींच्या मधल्या काळात, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज असताना. मुलगी इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला, बाहेरगावी. मी मराठी शिकवत होते. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तेव्हा इथे जे लिहिते आहे ते दोघांनी मला पाच-पाच वेळा समजावलेलं आहे.

ठिणगी पडली ती मार्कांवरून.

"पाचपैकी दोन, मामा. उत्तर बरोबर आहे, तरी पाचपैकी दोन!"

"काहून?"

"शेरा मारलाय, सुपरमेश वापरलेला नाही."

"मग बरोबर आहे त्यांचं. सुपरमेशचा प्रश्न होता, तू तो वापरला नाहीस."

"प्रश्नात 'मेश ॲनालिसिसने सोडवा' एवढंच होतं. मी मेशनेच सोडवलाय."

दादाने चष्मा वर सरकवला, मिठाईच्या डब्याचं झाकण उलटं केलं आणि पुठ्ठ्यावर दोन चौकोन काढले, एकाला एक लागून. "आता तुझ्या आईला समजेल असं सांग. तिला समजलं तर तुझे तीन मार्क मी देतो."

माझ्यासाठी उदाहरण गच्चीवरचंच घेतलं. दादाने हौसेने तिथे एक सोलर पॅनल लावलेला आहे. खाली जिन्याखाली बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकीला एक जोडून चोवीस व्होल्टच्या. त्यावर वरच्या खोलीतला डीसी पंखा आणि दिवे चालतात. पुठ्ठ्यावर डाव्या चौकोनाच्या बाहेरच्या बाजूला चोवीस व्होल्टची बॅटरी आली, वरच्या बाजूला चार ओहमचा रेझिस्टन्स. उजव्या चौकोनाच्या बाहेरच्या बाजूला आठ ओहम, म्हणजे पंखा-दिवे. आणि दोन्ही चौकोनांना सामाईक असलेल्या मधल्या रेघेवर पॅनल, म्हणजे आमचा करंट सोर्स.

"बॅटरी आणि तारेचे मिळून चार ओहम?" मुलगी म्हणाली. "तार आहे की सुतळी, मामा?"

"कागदासाठी आहेत आकडे. खऱ्यात पॉइंटमध्ये असतात, मला माहीत आहे. मधला चार्ज कंट्रोलरही मी काढून टाकलाय. तू पुढे बोल."

मेश म्हणजे खिडकीच्या जाळीतलं एक घर. प्रत्येक घरात एक करंट घड्याळाच्या काट्यांसारखा गोल फिरतो आहे असं धरायचं. असा गोल फिरणारा करंट तारेत कुणी पाहिलेला नाही, ती हिशेबाची सोय आहे. मॅक्सवेलच्या नावावर आहे ती. डाव्या घरातल्या करंटला आम्ही क म्हटलं, उजव्या घरातल्याला ख. मधल्या रेघेवर क वरून खाली येतो आणि ख खालून वर जातो. म्हणून तिथला खरा करंट म्हणजे दोघांची वजाबाकी. मग एकेका घराला फेरी मारायची. बॅटरीपाशी व्होल्टेज चढलं, रेझिस्टन्सपाशी उतरलं, असं मांडत जायचं. निघालो तिथे परत पोचलो की सगळ्या चढ-उतारांची बेरीज शून्य. हा किरचॉफचा नियम, १८४५ सालचा. तेव्हा किरचॉफ एकवीस वर्षांचा होता आणि कोनिग्सबर्गला शिकत होता. "म्हणजे माझ्याहून जेमतेम मोठा," मुलीने जाता जाता ऐकवलं.

इथपर्यंत सगळं ठीक. अडतं ते मधल्या रेघेवर. तिथे रेझिस्टन्स असता तर करंट गुणिले ओहम करून उतार सांगता आला असता. बॅटरी असती तर तिच्यावर छापलेलाच असतो. करंट सोर्स आपला करंट तेवढा सांगतो: सहा अँपिअर, खालून वर. आपल्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज किती, ते तो सांगत नाही. बाकीचं सर्किट त्याच्यावर जितकं टाकेल तितकं. फेरी मारताना त्या रेघेपाशी आलात की लिहायचं काय?

"नवशिके तिथे शून्य लिहितात," दादा म्हणाला. "तीस वर्षं ट्रेनी पोरं पाहिली मी. सोर्सवर ओहम लिहिलेले नाहीत ना, मग उतार नाही, असं धरून चालतात. बघ काय होतं ते. डाव्या घरात चार क बरोबर चोवीस, म्हणजे क सहा. उजव्या घरात आठ ख बरोबर शून्य, म्हणजे ख शून्य. पंखा बंद. बॅटरी सहा अँपिअर ओतून राहिली आहे आणि ते सगळे पॅनलमधून उलटे, वरून खाली चाललेत. भर दुपारी!"

मला हे उदाहरण फार आवडलं. चुकीचं गणित इतकं स्पष्ट दिसणारं सहसा सापडत नाही.

मुलीने आपली वाट दाखवली. "मला तिथलं व्होल्टेज माहीत नाही. मग मी त्याला नाव देते. व. संपलं." तिने तीन ओळी लिहिल्या:

४क + व = २४

८ख − व = ०

ख − क = ६

पहिली डाव्या घराची फेरी, दुसरी उजव्या घराची, तिसरी पॅनलनेच सांगितलेली गोष्ट. तीन अज्ञात, तीन समीकरणं. क उणे दोन, ख चार, व बत्तीस.

"उणे दोन म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे बॅटरीत दोन अँपिअर उलटे जातायत. चार्ज होते आहे ती. पॅनलच्या सहातले चार पंख्याला, दोन बॅटरीला." मला हे समजलं. तिचे तीन मार्क तिथेच वसूल झाले, पण दादा कुठे थांबतो!

"आता माझं बघ." त्याने मधली रेघ बोटाने झाकली. "या भिंतीतून मी जातच नाही. दोन्ही घरांना मिळून बाहेरून एक वळसा घालतो. बॅटरी, चार ओहम, आठ ओहम, परत बॅटरी. चार क अधिक आठ ख बरोबर चोवीस. ही झाली सुपरमेश. आणि भिंतीत लिहिलेलं आहे, ख उणे क बरोबर सहा. दोन ओळी, दोन अज्ञात. तुझा व कुठे आलाच नाही."

"आला नाही कसा? माझ्या पहिल्या दोन ओळींची बेरीज करा. अधिक व, उणे व, गेले. उरलं काय? चार क अधिक आठ ख बरोबर चोवीस. तुमची सुपरमेश म्हणजे माझ्या दोन ओळींची बेरीज आहे, मामा. तिला वेगळं नाव कशाला?"

"नाव दिलं की पोरं विसरत नाहीत, कुठून जायचं नाही ते."

"नाव दिलं की पोरांना वाटतं हा किरचॉफचा तिसरा नियम आहे! आमच्या वर्गात विचारा. एकाने सुपरमेश लिहिली आणि वर दोन्ही घरांच्या वेगळ्या फेऱ्याही लिहिल्या, सोर्सवर शून्य धरून. एकीने सुपरमेश लिहिली आणि वजाबाकीची ओळ विसरली. दोन अज्ञात, एक समीकरण, बसली रडत. आणि एकाने सोर्स अगदी बाहेरच्या कडेला असताना सुपरमेश केली. तिथे तर काही करायचंच नसतं, त्या घराचा करंट सोर्सनेच सांगून टाकलेला असतो. या सगळ्यांना नाव पाठ होतं."

इथे मला राहवलं नाही. आयुष्यभर मी समास शिकवले. 'पुरणपोळी'चा समास विचारला की अख्खा वर्ग 'मध्यमपदलोपी' म्हणून ओरडतो. पण लोपलेलं पद कोणतं, असं विचारा. पुरण भरून केलेली पोळी. मधलं 'भरून केलेली' गळालं आहे. हे सांगणारी दोन-तीनच मुलं निघतात. दादाची सुपरमेश मला तशी दिसली. मधला व लोपलेला. ज्याने व लिहून पाहिला आहे त्याला तो कुठे गळाला ते दिसतं, इतरांना नुसतं नाव.

"हे बघ, आई माझ्या बाजूची आहे," मुलगी म्हणाली.

"तुझी आई व्याकरणाच्या बाजूची आहे," दादा म्हणाला आणि आम्ही तिघं फिरायला निघालो.

बुढा तलाव घरापासून पाच मिनिटांवर. कागदोपत्री तो विवेकानंद सरोवर, बोलताना बुढा तलावच. मधल्या बेटावर स्वामी विवेकानंदांचा बैठा पुतळा आहे. १८७७ मध्ये वडिलांच्या कामामुळे दत्त कुटुंब कलकत्त्याहून रायपूरला आलं आणि मुलगा नरेंद्र सुमारे दोन वर्षं याच बुढापाऱ्यात वाढला. तलावाच्या जवळच माधवराव सप्रे शाळा आहे. सप्रे मराठी घरातले आणि नाव कमावलं हिंदीत. १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' मासिक काढलं, टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या शास्त्रीय परिभाषेत अर्थशास्त्राच्या शब्दांचं कामही त्यांनी केलं. मुलीला मी हे सांगत होते, कारण दुपारभर मेश, लूप, सोर्स ऐकून मला मराठी शब्दांची आठवण येत होती. तिचं म्हणणं, "शब्द कुठलाही चालेल आई, शब्दाच्या आत काय आहे ते सांगा म्हणजे झालं." दुपारचंच भांडण दुसऱ्या तोंडाने.

मी विषय बदलायला दादाला विचारलं, की करंट सोर्स ही चीज खरोखर असते का, का नुसती परीक्षेपुरती? बॅटरी मी पाहिली आहे. करंट सोर्स कुठल्या दुकानात मिळतो?

प्रश्न बरोबर जागी लागला असावा, कारण दादा तलावाच्या कठड्यावर बसलाच.

"पॅनल पाहिलास ना? तो बऱ्यापैकी तसाच. ऊन जितकं, तितका करंट. त्याच्यावर पंधरा व्होल्ट पडोत की तीस, करंट जवळपास तेवढाच राहतो. खूप वर गेलं व्होल्टेज, की मग मात्र एकदम ढेपाळतो. म्हणून तुझ्या मुलीचा बत्तीस व्होल्टचा व मला पटला. चोवीस व्होल्टच्या सिस्टीमचे पॅनल तिथपर्यंत टिकतात. चाळीसच्या पुढे आला असता तर म्हटलं असतं, हे मॉडेल आता खोटं आहे."

मग तो सीटीकडे वळला. सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. मोठ्या लाइनमधला शेकडो अँपिअरचा करंट मोजण्यासाठी त्याची लहान नक्कल काढतात, एक किंवा पाच अँपिअरची, आणि ती मीटरमध्ये सोडतात. मोठ्या लाइनमध्ये करंट वाहतो आहे तोवर सीटी आपल्या बाजूला तेवढा करंट ढकलणारच. मीटरचा रेझिस्टन्स अगदी थोडा, म्हणून व्होल्टेजही थोडं. पण लाइन चालू असताना कुणी मीटर काढला आणि ती दोन टोकं उघडी सोडली तर?

"करंट जायला वाट नाही," मुलगी म्हणाली. "मग व वाढत जाणार."

"हजारो व्होल्टपर्यंत. तारेचं इन्सुलेशन फुटतं, माणूस जवळ असला तर जीव जातो. म्हणून मीटर काढण्याआधी ती दोन टोकं शॉर्ट करायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात. बॅटरी शॉर्ट करायची नसते, सीटी उघडा ठेवायचा नसतो. तुमच्या शून्य लिहिणाऱ्या पोरांना एकदा हे सांग. सोर्सवर व्होल्टेज नसतं म्हणतात ना!"

आणि तिसरं उदाहरण चांप्याचं. कोरब्याहून चांपा जवळच. तिथून हरियाणात कुरुक्षेत्रापर्यंत आठशे किलोव्होल्टची डीसी लाइन जाते, तेराशे किलोमीटरहून लांब. चांप्याच्या टोकाला एसीचं डीसी होतं, कुरुक्षेत्राला परत एसी. अशा लाइनमध्ये सहसा पाठवणारं टोक करंट धरून ठेवतं आणि घेणारं टोक व्होल्टेज सांभाळतं. "म्हणजे छत्तीसगडचा करंट सोर्स," मी म्हटलं. दादाला ते आवडलं. अर्धं तरी खरं आहे, म्हणाला.

मुलीने मात्र मामांचंच उदाहरण त्यांच्यावर उलटवलं. "बघा, तुम्ही तिन्ही वेळा सांगितलंत काय? व. पॅनल टिकतो का ते व वरून कळलं. सीटी मारतो तो व मुळे. आणि तुमची सुपरमेश बरोबर व लाच झाकते. पॉवर काढायला सांगितली तर काय कराल?"

"क आणि ख आले की व एका ओळीत काढता येतो. आठ चोक बत्तीस."

"येतो, पण काढायचा असतो हे लक्षात राहिलं तर."

परत येताना तिने हिशेब तोंडी केला. पॅनल बत्तीस गुणिले सहा, म्हणजे १९२ वॉट देतो. त्यातले १२८ पंख्या-दिव्यांत, १६ तारेत तापून वाया, ४८ बॅटरीत साठतात. १२८, १६ आणि ४८ मिळून १९२. दादा काही बोलला नाही. मोबाइलवर गुणाकार तपासला फक्त.

दुसऱ्या दिवशी ती तयारीनेच उतरली. चहा व्हायच्या आधी पुठ्ठा समोर.

"रात्री विचार केला, मेश हवीच कशाला? नोडलने करा, तारा जिथे जुळतात त्या नोडांची व्होल्टेज धरून. पॅनलच्या वरच्या टोकाचं व्होल्टेज व. तिथे सहा अँपिअर आले, काही बॅटरीकडे गेले, काही पंख्याकडे." आणि तिने एकच ओळ लिहिली:

(व − २४)/४ + व/८ = ६

"तीन व बरोबर शहाण्णव. व बत्तीस. एक ओळ, मामा! करंट सोर्स इथे अडचण नाहीच, उलट आयता लिहिलेला मिळतो. भिंत नाही, वळसा नाही. आणि तार तारेवरून ओलांडून जात असली, सर्किट कागदावर सपाट मांडताच आलं नाही, तर तुमची मेश उरतच नाही. नोडल तेव्हाही चालतं."

हा वार चांगला होता. दादाने थोडा वेळ घेतला. मग त्याने पुठ्ठ्याची मागची बाजू काढली.

"मोजायला शीक आधी. तुझे नोड तीन. एक जमीन धरला, उरले दोन. त्यातल्या एकाचं व्होल्टेज बॅटरीनेच सांगितलं. उरला एक. म्हणून एक ओळ. बरोबर? आता माझी घरं दोन. पॅनलने एक गोष्ट सांगून टाकली. उरलं एक. मग माझीही एकच ओळ व्हायला पाहिजे."

"तुम्ही तर दोन लिहिल्यात काल."

"काल चौकोन डोळ्यांसमोर होते म्हणून. फेऱ्या चौकोनांच्याच घ्यायच्या असं कुणी सांगितलं? भिंतीतून एकच फेरी जाईल अशा निवडायच्या." त्याने बाहेरून एक मोठा वळसा काढला, त्यातल्या करंटला ग म्हटलं; आणि उजव्या घरातून एक लहान फेरी, जिचा करंट माहीतच आहे, सहा. पंख्यातून दोन्ही जातात, म्हणून तिथे ग अधिक सहा. मग लिहिलं:

४ग + ८(ग + ६) = २४

"बारा ग बरोबर उणे चोवीस. ग उणे दोन. ना व, ना सुपरमेश, ना वजाबाकीची वेगळी ओळ."

मुलगी पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मीही, जरा उशिराने. भिंत तीच, तिला एकाच बाजूने हात लावायचा ठरवला की शेजाऱ्याशी हिशेब करावा लागत नाही. घरं तीन असली आणि दोन भिंतींत दोन सोर्स, तरी असंच, दादा म्हणाला. तिन्ही घरांना मिळून एक मोठा वळसा आणि दोन माहीत असलेल्या लहान फेऱ्या.

"हे आमच्या पुस्तकात आहे, पण शेवटच्या धड्यात," ती म्हणाली. "ग्राफ, ट्री, लिंक अशा नावांनी. सुपरमेशच्या पानावर कुणीच सांगत नाही की ही तीच गोष्ट आहे."

"आणि नोडलचा फार गर्व करू नकोस. बॅटरीचं एक टोक जमिनीला होतं म्हणून तुझं चाललं. तीच बॅटरी दोन उंचावरच्या नोडच्या मधे टाक, तिच्यातला करंट तुला माहीत नसेल. मग काय करशील? सुपरनोड! आरशात बघितल्यासारखं."

"तिथेही मी नाव देईन. बॅटरीतल्या करंटला."

"देशील. कॉम्प्युटरही तेच करतो."

हे दादाने मोठ्या मनाने सांगितलं, नाहीतर आम्हाला कळलंही नसतं. बर्कलेच्या विद्यापीठातून १९७३ मध्ये स्पाइस नावाचा प्रोग्रॅम बाहेर आला. सर्किट सोडवणारे आजचे बरेच प्रोग्रॅम त्याचेच वंशज. त्यांच्या पोटात नोडल पद्धत असते आणि जिथे बॅटरी आडवी येते तिथे तिच्यातल्या करंटला सरळ एक नवं अज्ञात करून टाकतात. रूली, ब्रेनन आणि हो या तिघांनी १९७५ मध्ये मांडलेली ही रीत. सुपरनोड नाही, युक्ती नाही. माहीत नाही त्याला नाव, एक ओळ जास्त.

"म्हणजे मी मशीनसारखा विचार करते," मुलगी खुशीत म्हणाली.

"मशीनला ओळी लिहायचा कंटाळा येत नाही. परीक्षेत तुला तीन तास असतात, आणि साइटवर तर कागदही नसतो. कधी पॅनल बघून, कधी आवाज ऐकून सांगावं लागतं, बॅटरी देते आहे की घेते आहे. त्यासाठी थोडक्यात मांडता आलं पाहिजे."

हे त्याने करूनही दाखवलं. संध्याकाळचे साडेचार वाजले होते. दादाकडे डीसी मोजणारा टाँग टेस्टर आहे, तो त्याने बॅटरीच्या तारेभोवती अडकवला. तलावाच्या बाजूने ढग आला तसा मीटरवरचा आकडा उतरत गेला, शून्याला टेकला आणि चिन्ह बदलून पुन्हा चढू लागला. पुठ्ठ्यावर मुलीने तेच आकडे घालून पाहिले. सहाऐवजी तीन अँपिअर: क शून्य, ख तीन, व चोवीस. बॅटरी ना देते, ना घेते. तिच्या आणि पॅनलच्या मधल्या तारेत काहीच हालचाल नाही, कारण दोन्ही टोकांना चोवीसच व्होल्ट. तीनऐवजी शून्य, म्हणजे रात्र: क दोन, ख दोन, व सोळा. पंखा पूर्ण बॅटरीवर, आणि हळू. या दोन ओळी मांडायला तिने वापरली मामांची ग ची वाट. मी ते बघितलं, बोलले नाही.

आता माझं मत, मराठीच्या माणसाचं मत म्हणून घ्यावं. मुलीला पाचपैकी पाच मिळायला हवे होते. प्रश्नात मेश म्हटलं होतं आणि तिने मेशच केलं. एक अज्ञात जास्त घेतलं म्हणून पद्धत बदलत नाही. पण तिने सुपरमेशला नुसतं नाव म्हणून हिणवलं तेही मला पटलं नाही. थोडक्यात मांडण्याचीही एक शिस्त असते आणि ती दादाकडे आहे. तक्रार आहे ती क्रमाची. आधी भिंतीतल्या अज्ञाताला नाव द्यायला लावावं, दोन फेऱ्या पूर्ण लिहून घ्याव्यात, बेरीज करून व गळताना दाखवावा, आणि मग म्हणावं, या बेरजेला सुपरमेश म्हणतात. उलट क्रमाने शिकवलं की वर्गात 'मध्यमपदलोपी' ओरडणारी मुलं तयार होतात.

दादाला हे वाचून दाखवलं तेव्हा त्याचं एकच म्हणणं पडलं: वाचकांना एक गणित देऊन टाक. तर देते. चित्र तेच, चोवीस व्होल्ट, चार ओहम, आठ ओहम, मधे पॅनल. ऊन थोडं उतरलेलं आणि पॅनल साडेचार अँपिअर देतो आहे. नाव द्या, वळसा घाला, नोडने करा की ग धरा, बॅटरीत एक अँपिअर जायला हवा, पंख्यात साडेतीन आणि व अठ्ठावीस व्होल्ट. शून्य धरलात तर पंखा बंद पडेल.